डीपकट छावणीतील चार मृत्यू आणि त्यांची चौकशी

रणांगणावर पडलेल्या सैनिकाच्या मृत्यूचे कारण बहुधा त्या जागेवरूनच समजते. परंतु शांततेच्या काळात, छावणीच्या कुंपणाच्या आत, आपल्याच सैन्याच्या रायफलीच्या गोळीने सैनिक मरण पावतो तेव्हा अपघात, आत्महत्या आणि खून या तिन्ही शक्यता एकाच वेळी उभ्या राहतात. त्यांतील खरी कोणती हे शोधण्याचे काम ज्यांच्याकडे प्रथम जाते ते लोक अनेकदा त्याच संस्थेचे असतात, जिच्या ताब्यात तो सैनिकही होता आणि ते शस्त्रही. इंग्लंडच्या सरे परगण्यातील डीपकट येथील प्रिन्सेस रॉयल बरॅक्स या छावणीचा १९९५ ते २०१९ या काळातील इतिहास म्हणजे या एका अडचणीचा इतिहास आहे.

ब्रिटिश सैन्याने १९९३ मध्ये वाहतूक, दारूगोळा व सामग्री, भटारखाना, टपाल आणि श्रमिक अशी कामे पाहणारी दले एकत्र करून ‘रॉयल लॉजिस्टिक कोअर’ हे रसदपुरवठ्याचे दल उभारले आणि त्याचे मुख्य प्रशिक्षण केंद्र डीपकटला ठेवले. येथे येणारे तरुण कवायत व शस्त्र चालवणे हा पहिला टप्पा अन्यत्र पूर्ण करून येत आणि चालक, भांडारपाल यांसारख्या कामांचे दुसऱ्या टप्प्याचे शिक्षण घेत. अभ्यासक्रमात जागा मिळेपर्यंत त्यांतील अनेकांना दीर्घकाळ रिकामे थांबावे लागे, त्यांच्यावर देखरेख ठेवणारे शिक्षक संख्येने फार अपुरे होते, आणि छावणीच्या पहाऱ्याचा भार याच थांबलेल्या मुलामुलींवर पडे. काही वेळा पहारा शिक्षा म्हणूनही दिला जाई. सतरा-अठरा वर्षांच्या, घरापासून प्रथमच दूर आलेल्या मुलांच्या हाती भरलेली रायफल देऊन त्यांना रात्री फाटकावर उभे करण्याची ही प्रथा त्या छावणीत इतकी नित्याची झाली होती की तिचा विचार करण्याची गरज कोणाला वाटल्याचे दिसत नाही.

जून १९९५ मध्ये वीस वर्षांचा शॉन बेंटन छातीत पाच गोळ्या लागून मरण पावला. त्याला सैन्यातून कमी करण्याचे ठरले होते आणि त्याने रायफल पहाऱ्यावरील सहकाऱ्याकडून मिळवली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अठरा वर्षांची शेरिल जेम्स फाटकाजवळ डोक्यात गोळी लागून मृतावस्थेत आढळली; स्त्री प्रशिक्षणार्थींना एकटीने सशस्त्र पहाऱ्यावर ठेवू नये असा दंडक असतानाही ती तेथे एकटीच होती. सप्टेंबर २००१ मध्ये सतरा वर्षांचा जेफ ग्रे पहाऱ्यावरून एकटाच गस्तीला गेला आणि दोन गोळ्या लागून मरण पावला, तर मार्च २००२ मध्ये सतरा वर्षांच्याच जेम्स कॉलिन्सनचा मृत्यू सहकाऱ्याची रायफल हाती असताना एका गोळीने झाला. चारही वेळा आत्महत्या हेच कारण प्रथम गृहीत धरले गेले, आणि पाच किंवा दोन गोळ्या माणूस स्वतःवर झाडू शकतो काय, हा कुटुंबांनी विचारलेला सरळ प्रश्न पुढची अनेक वर्षे अनुत्तरित राहिला.

येथे इंग्लंडच्या कायद्यातील एक व्यवस्था समजून घेणे आवश्यक आहे. संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूची चौकशी तेथे कोरोनर हा अधिकारी करतो. हे पद ११९४ पासून चालत आले असून त्याचा उद्देश मृत कोण, तो कोठे, केव्हा आणि कसा मरण पावला हे ठरवणे एवढाच असतो, कोणाला दोषी धरणे हा नसतो. मुंबई आणि कलकत्ता या शहरांसाठी १८७१ मध्ये याच धर्तीवर कायदा झाला होता, आणि मुंबईत कोरोनरचे न्यायालय विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत होते. आत्महत्या हा इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत गुन्हा होता, आणि तो गुन्हा रद्द झाल्यानंतरही २०१८ पर्यंत कोरोनरला आत्महत्येचा निष्कर्ष काढण्यासाठी फौजदारी खटल्याइतकाच, म्हणजे वाजवी संशयापलीकडचा, पुरावा लागत असे. तेवढा पुरावा नसेल तर ‘खुला निर्णय’ दिला जाई, म्हणजे मृत्यू कसा झाला हे अनिर्णित ठेवले जाई. बेंटनच्या बाबतीत महिन्याभरात आत्महत्येचा निर्णय झाला, तर जेम्स, ग्रे आणि पुढे २००६ मध्ये कॉलिन्सन यांच्याबाबत निर्णय खुला राहिला. जेम्सची पहिली चौकशी तिच्या मृत्यूनंतर चार आठवड्यांच्या आत, सुमारे एका तासात उरकली होती.

इतक्या घाईचे मूळ तपासाच्या पद्धतीत होते. इंग्लंडच्या भूमीवरील मृत्यूचा तपास, तो छावणीत झाला असला तरी, नागरी पोलिसांच्या अधिकारात येतो. परंतु १९९५ मध्ये सरे पोलिसांनी तो अधिकार प्रत्यक्षात लष्करी पोलिसांकडे जाऊ दिला, आणि लष्करी पोलिसांनी आत्महत्या गृहीत धरल्यामुळे ज्या तपासण्या खुनाच्या शक्यतेपोटी ताबडतोब करायच्या असतात त्या झाल्याच नाहीत. शस्त्र, कपडे, घटनास्थळ यांची शास्त्रीय तपासणी त्या त्या वेळी न झाल्याने पुढे कितीही निष्ठेने शोध घेतला तरी काही उत्तरे मिळणे अशक्य झाले. गोळी कोणी झाडली या प्रश्नाइतकाच हा प्रश्नही गंभीर आहे, कारण खुनाचा संशय चुकीचा ठरला तरी तपास न केल्याचा दोष त्यामुळे धुऊन निघत नाही.

कॉलिन्सनच्या मृत्यूनंतर सरे पोलिसांनी २००२ मध्ये चारही प्रकरणे नव्याने हाती घेतली, आणि अन्य कोणाचा हात असल्याचा पुरावा आढळला नाही असा निष्कर्ष काढला. मात्र २००४ मधील अहवालात त्यांनी छावणीतील देखरेखीच्या त्रुटींकडेही लक्ष वेधले. ब्रिटिश संसदेच्या संरक्षण समितीने २००५ मध्ये प्रशिक्षणार्थींच्या काळजीच्या जबाबदारीवर अहवाल दिला, आणि मार्च २००६ मध्ये ज्येष्ठ वकील निकोलस ब्लेक यांचा डीपकटविषयीचा आढावा प्रसिद्ध झाला. पहिले तीन मृत्यू बहुधा स्वतःच्याच हातून घडले असावेत असे ब्लेक यांनी म्हटले, तरी त्यांच्या आढाव्याचे खरे मोल त्यांनी मांडलेल्या छावणीच्या चित्रात आहे: अपुरे अधिकारी, शिवीगाळ व छळाच्या तक्रारी, आणि तक्रार करायची ती त्याच साखळीतील वरिष्ठाकडे. सैन्याबाहेरील स्वतंत्र तक्रार अधिकारी असावा या त्यांच्या शिफारशीनंतर २००८ मध्ये आयुक्तपद सुरू झाले, परंतु त्याला स्वतः तपास करण्याचा अधिकार नव्हता. तो २०१६ मध्ये त्याच्या जागी आलेल्या लोकपालाला मर्यादित प्रमाणात मिळाला. कुटुंबांनी मागितलेली सार्वजनिक चौकशी मात्र सरकारने नाकारली, आणि हा नकार समर्थनीय नव्हता.

दार उघडले ते मानवी हक्कांच्या कायद्याने. जीविताच्या हक्कात मृत्यूच्या परिणामकारक चौकशीचा हक्कही येतो, या आधारावर ‘लिबर्टी’ या नागरी हक्कांच्या संस्थेने जेम्स कुटुंबाच्या वतीने पोलिसांकडील कागदपत्रे मिळवली आणि २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने पहिला खुला निर्णय रद्द केला. २०१६ मध्ये वोकिंग येथे झालेल्या दुसऱ्या चौकशीत कोरोनर ब्रायन बार्कर यांनी आत्महत्येचा निष्कर्ष दिला. परंतु एकटीला पहाऱ्यावर ठेवणे, देखरेखीचा अभाव आणि छावणीतील वातावरण यांवर कठोर ताशेरेही ओढले. बेंटनबाबत २०१८ मध्ये आणि ग्रेबाबत २०१९ मध्ये न्यायाधीश पीटर रूक यांनी असेच निष्कर्ष काढले, आणि बेंटनला मिळालेल्या वागणुकीची नोंद त्यांनी सविस्तर केली. पहिल्या दिवशी उच्चारले गेलेले उत्तर चोवीस वर्षांनी कायम राहिले हे खरे. पण पहिल्या दिवशी ते अंदाज होते, आणि त्याला साक्षीपुराव्याचा आधार मिळाला तो आईवडिलांनी अर्धे आयुष्य वेचल्यावर. कॉलिन्सनच्या बाबतीत दुसरी चौकशी झाली नाही, आणि २००६ चा खुला निर्णय आजही तसाच नोंदलेला आहे.