‘हे पॅकेज हलवू नये’ : डेबियनमधील ‘होल्ड’चा इतिहास

१/ प्रणाली नव्या आवृत्तीवर नेताना शेकडो पॅकेजे एकदम बदलतात. त्यांतील एखादे मात्र जुनेच राहावे, अशी संगणक सांभाळणाऱ्याची इच्छा असते. कारण नव्या कर्नलवर एखादे उपकरण चालत नाही किंवा नव्या डेटाबेसशी जुना प्रोग्रॅम जुळत नाही. या इच्छेचे लिनक्समधील नाव ‘होल्ड’. ती कोठे नोंदवावी आणि कोणी पाळावी, याचा हा इतिहास.

२/ इयान मरडॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन प्रकल्प सुरू केला. त्याचा पॅकेज-व्यवस्थापक म्हणजे ‘डीपीकेजी’. त्याच्या नोंदवहीत प्रत्येक पॅकेजाची प्रत्यक्ष स्थिती एका जागी असते, तर वापरणाऱ्याची इच्छा वेगळ्या जागी. ‘होल्ड’ हा इच्छेचा भाग. ‘डीसिलेक्ट’ या जुन्या पडद्यावर बरोबरचे चिन्ह दाबले की ही नोंद होत असे.

३/ मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर ‘ॲप्ट’ आले. त्याची ‘अपग्रेड’ आज्ञा कोणतेही पॅकेज काढून टाकत नाही. तसे करावे लागत असेल, तर संबंधित पॅकेज मागे ठेवते. त्यामुळे ‘मागे ठेवलेले’ आणि ‘रोखलेले’ यांत अनेकांची गल्लत झाली. पहिला निर्णय यंत्राचा, दुसरा माणसाचा.

४/ पुढे ‘ॲप्टिट्यूड’ने रोखलेल्या पॅकेजांची नोंद स्वतःच्या पद्धतीने ठेवली. एकाच संगणकावर दोन वह्या झाल्या. म्हणून मोठ्या अपग्रेडपूर्वी दोन्हींची तपासणी करावी, अशी सूचना डेबियनच्या प्रकाशन-टिपणांत द्यावी लागली.

५/ २०१३ च्या डेबियन ७ मध्ये ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ ही सोपी आज्ञा उपलब्ध होती. ती थेट डीपीकेजीच्याच वहीत लिहिते.

६/ पुढच्याच वर्षी होल्डची दुसरी बाजू दिसली. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी जाहीर झाली. सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त मजकूर त्यातून बाहेर पडू शकत होता. डेबियनने दुरुस्ती तत्परतेने दिली. परंतु ज्या संगणकावर ते पॅकेज रोखलेले असेल, तेथे नेहमीच्या अपग्रेडने ती पोहोचणार नव्हती. होल्डला नवे वैशिष्ट्य आणि सुरक्षेची दुरुस्ती यांतला भेद कळत नाही.

७/ या आदेशाला मुदतही नसते. लावणारा नोकरी सोडून गेला, तरी तो वहीत राहतो. म्हणूनच अपग्रेडपूर्वी ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ने यादी काढून प्रत्येक नोंदीचे कारण अजून उरले आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते.