रजा आणि सुटी

‘रजा’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ संमती. तेव्हा रजा ही धन्याच्या मर्जीची, मागून मिळवायची. ‘सुटी’ मात्र आपल्या ‘सुटणे’ची लेक. हा भेद आम्ही केवळ कोशातला मानीत नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार घरी राहिला की खाडा पडे नि मजुरी बुडे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मागितली ती एकेकट्याची रजा नव्हे, सर्वांची रविवारची सुटी. साहेबाच्या प्रार्थनेचा हा वार आमच्या खंडोबाचाही, हा योग मोठा गमतीचा! १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने ही मागणी मान्य केली. रविवारपुरती तरी रजा काढणे संपले.