नाशिकची लाल वाईन आणि आपले तिखट ताट

हिंगणघाट, प्रतिनिधी

वणा नदीकाठच्या या कापसाच्या बाजारपेठेत वाईनचे परवानाधारक दुकान नाही. महात्मा गांधींच्या सेवाग्रामचा हा जिल्हा १९७० च्या दशकापासून दारूबंदीत आहे आणि कायद्याच्या लेखी वाईन हे मद्यच ठरते. तरीही हा विषय येथील वाचकांना परका राहिलेला नाही. अनेक घरांतील मुले-मुली पुणे, नाशिक येथे स्थिरावली आहेत. तेथील एखाद्या समारंभात लाल वाईनचा पेला पुढे येतो आणि तिच्यासोबत काय खावे, असा प्रश्न पडतो. पुस्तकांतील उत्तरे बहुधा युरोपातील जेवणासाठी लिहिलेली असतात. आपल्या ताटाला ती लागू पडत नाहीत.

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे उष्ण कटिबंधात येते. युरोपात हिवाळ्यात द्राक्षवेल निद्रिस्त होते. येथे तिला ती विश्रांती मिळत नाही. म्हणून बागाईतदार वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोड्या बहराची छाटणी. पहिल्या छाटणीने काडी तयार होते, दुसरीने फळ धरते. युरोपात द्राक्षतोडणी शरद ऋतूत होते, तर नाशिकला ती जानेवारी ते मार्चमध्ये. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीमुळे रात्री गार असतात, ही जमेची बाजू. मात्र उन्हाने साखर झपाट्याने भरते आणि आंबटपणा उतरतो. परिणामी येथील लाल वाईन फळाळ, मऊ आणि १३ ते १४ टक्के मद्यांशाची होते. बहुतेक बाटल्या दोन-तीन वर्षांतच प्यायच्या असतात. जपून ठेवल्याने त्या सुधारतील, ही समजूत सोडलेली बरी.

महाराष्ट्रात या व्यवसायाची आधुनिक सुरुवात १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावजवळ केली. राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाईन २००० मध्ये आली, ती पांढरी होती. पुढच्याच वर्षी राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि विंचूरला वाईन पार्क उभे राहिले. आज दिंडोरी परिसरातील शिराझ आणि सोलापूर जिल्ह्यातील अकलूजची सांजोव्हेझे, कॅबर्ने ही नावे चोखंदळांच्या परिचयाची आहेत.

आता जेवणाकडे. लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून येतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते, तसाच हा अनुभव. त्या द्रव्याला टॅनिन म्हणतात. मांसातील प्रथिने व स्निग्धांश टॅनिनला मऊ करतात. उलट मिरचीचा जाळ टॅनिन आणि मद्यांश या दोहोंमुळे भडकतो. त्यामुळे सावजीच्या पूर्ण तिखट रश्शाला कोणतीही लाल वाईन पुरी पडत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. (नागपूरकर मित्रांना हे पटणार नाही.) तेथे थंड रोझे किंवा किंचित गोडसर शेनिन ब्लांक बरी. मात्र मिरचीचा हात आवरून काळी मिरी, दगडफूल, खसखस घातलेले सुके मटण असेल, तर शिराझ उत्तम जुळते. तिच्यातही मिरीसारखा गंध देणारा घटक असतो. शाकाहारी ताटात दाण्याचे कूट घातलेली भरली वांगी किंवा पनीर या वाईनला न्याय देतात. पाटवडी रस्सा चालेल, पण तर्री काढून ठेवावी. पुरणपोळीसोबत मात्र कोरडी लाल वाईन आंबट आणि कडवट लागते.

‘लाल वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी’ हा नियम गार हवेच्या युरोपातील खोल्यांसाठी आहे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो. बाटली फ्रीजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणावी.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्यास राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली, तेव्हाही दारूबंदी असलेले जिल्हे वगळण्यात आले होते. पुढे विरोधामुळे तो निर्णयच रखडला. शेजारच्या चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली, वर्धा जिल्ह्याची कायम राहिली. तेव्हा नागपुरात मेजवानी आटोपून परतताना उरलेली बाटली यजमानाकडेच ठेवावी. जिल्ह्याच्या हद्दीत ती बाळगणे हाही गुन्हा ठरतो.