गोधडीचा इतिहास

वैजनाथाच्या पायऱ्या चढताना आपण परळीकर अहिल्याबाई होळकरांची आठवण काढतो. अठराव्या शतकात त्यांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. दगडाचा इतिहास असा नोंदला जातो. पण तुमच्या घरातल्या गोधडीचा?

संस्कृतात 'कंथा' म्हणजे ठिगळे जोडून केलेले वस्त्र. गोधडी तिचीच बहीण. विटलेले लुगडे वर, जुनी धोतरे आत, आणि कडेने सुरू होऊन आत आत येत जाणारा धावदोरा. विकत आणायचे ते काय, सुई नि दोरा! 1856 साली मुंबईतली पहिली गिरणी सुरू झाली. पुढे गिरणीचे कापड खेडोपाडी आले. तेही फाटल्यावर गोधडीतच गेले. आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या बिऱ्हाडात आजही गोधडी असते.

म्हणून गुरुजी, मुलांना एवढे काम सांगाच. घरची एक गोधडी अंगणात पसरायची, कोणता तुकडा कुणाच्या लुगड्याचा, कुणाच्या अंगड्याचा, हे आजीला विचारायचे आणि वहीत उतरवायचे. दोरा उसवला तर पुन्हा घालता येतो. आजी गेली, की त्या तुकड्यांची नावे सांगणारे कोणी उरत नाही.