तांब्याच्या तारेची दुसरी कामगिरी

वाचकहो, ज्यांच्या घरी पूर्वी दूरध्वनी होता त्यांनी भिंतीतून आलेली, एकमेकींना पिळा घातलेली तांब्याची दोन तारांची जोडी पाहिली असेलच. मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले ते १८८२ साली. ही तार बोलण्यासाठी होती, आणि बोलणे समजायला सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनांचा पट्टा पुरतो. केंद्रे तेवढाच पट्टा पुढे सोडत. मोडेमवाल्यांनी त्याच बोळात धडपड केली व अखेर ते सेकंदाला ५६ हजार बिटांवर थांबले. मात्र अडथळा तारेत नव्हता. तार लाखो कंपने वाहू शकत होती.

मग अडले कोठे? केंद्राजवळ शेकडो जोड्या एकाच जाड केबलमध्ये दाटीने येतात आणि एकीतला संदेश दुसरीत झिरपतो. अमेरिकेतील बेलकोर संस्थेचे जोसेफ लेक्लायडर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस यावर तोड सुचविली: घराकडे येणारा वेग मोठा ठेवा, घराकडून जाणारा लहान. त्यामुळे झिरपणे पुष्कळ कमी झाले. पुढे स्टॅनफर्डचे जॉन चिऑफी यांच्या पद्धतीत सुमारे ११ लाख कंपनांचा पट्टा २५६ अरुंद वाटांत विभागला गेला. प्रत्येक वाट तपासायची, चांगलीवर जास्त ओझे, खराब असेल ती मोकळी सोडायची. (वर्गातही आम्ही मास्तर असेच करतो, पण मोकळे कोणाला सोडत नाही!) १९९३ च्या चाचणीत हीच पद्धत सरस ठरली. गंमत अशी की, हा खटाटोप मुख्यतः घरबसल्या चित्रपट दाखविण्यासाठी होता. तो धंदा तेव्हा जमला नाही; इंटरनेटने मात्र ही वाट उचलली.

आपल्याकडे २००४ च्या धोरणाने किमान २५६ हजार बिटांच्या वेगाला ब्रॉडबँड म्हटले, व २००५ च्या जानेवारीत बीएसएनएल आणि एमटीएनएल यांची सेवा सुरू झाली. पण केंद्रापासून चार-पाच किलोमीटरपलीकडे वेग ओसरतो. दूरच्या वाड्यावस्त्यांना म्हणूनच हिचा लाभ थोडा.

पालकहो, एक गोष्ट मला खटकते. घर हे पाहणारे असेल, सांगणारे नसेल, असे त्या आखणीत गृहीत होते. २०२० साली घरून शिकविताना मुलांचा आवाज मला स्वच्छ ऐकू येई. माझा त्यांच्यापर्यंत तुटत तुटत जाई. गणिताचे एकेक उदाहरण मी तीनतीनदा सांगितले. पुढल्या वर्षी काचतंतूची जोडणी आली, आणि ती तांब्याची जोडी आमच्या दारावर गुंडाळून ठेवली आहे.