जोव्हान्नी दा प्रोचिदा आणि सिसिलीचे बंड : आख्यायिका व पुरावा

इ. स. १२८२ च्या मार्च महिन्याच्या ३० तारखेस, ईस्टरनंतरच्या सोमवारी, पालेर्मो नगराच्या तटाबाहेरील पवित्र आत्म्याच्या चर्चपाशी सायंप्रार्थनेच्या वेळी फ्रेंच शिपाई व नागरिक यांच्यात कलह उद्भवला. त्यातून निघालेल्या ठिणगीने काही आठवड्यांतच सिसिली बेटातील आंजूच्या चार्ल्सची सत्ता भस्मसात झाली. युरोपच्या इतिहासात ‘सिसिलीची सांजप्रार्थना’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या बंडाचे कर्तृत्व परंपरेने एका वृद्ध वैद्याच्या पदरी घातले आहे. सालेर्नोचा जोव्हान्नी दा प्रोचिदा हा तो वैद्य होय. हे श्रेय त्यास कितपत लागू पडते, हा प्रश्न एका व्यक्तीच्या चरित्रापुरता मर्यादित नाही. एखादा लोकक्षोभ कटातून जन्मतो की परिस्थितीतून, हा इतिहासशास्त्रातील मूलगामी प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

प्रोचिदाचा जन्म सुमारे १२१० मध्ये सालेर्नोच्या एका सरदार घराण्यात झाला. नेपल्सच्या उपसागरातील प्रोचिदा हे लहानसे बेट त्या घराण्याची जहागीर होते. सालेर्नोचे वैद्यकपीठ त्या काळी सर्व ख्रिस्ती युरोपात विख्यात होते. तेथे विद्या संपादून तो होहेनश्टाउफेन सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या सेवेत राजवैद्य म्हणून दाखल झाला. डिसेंबर १२५० मध्ये मृत्युशय्येवरील सम्राटाने केलेल्या मृत्युपत्राच्या साक्षीदारांत त्याचे नाव आढळते. राजाची नाडी ज्याच्या हाती, त्यास राजाचे मनही कळते. वैद्यकीतून राजकारणात त्याचा प्रवेश झाला तो याच वाटेने. फ्रेडरिकचा पुत्र मान्फ्रेड याच्या कारकिर्दीत तो प्रमुख मुत्सद्द्यांपैकी एक बनला. त्याच्याच पुढाकाराने सालेर्नोचे बंदर बांधले गेल्याचे सांगणारा १२६० चा शिलालेख त्या नगराच्या महामंदिरात आहे.

२६ फेब्रुवारी १२६६ रोजी बेनेव्हेन्तोच्या रणांगणावर मान्फ्रेड पडला आणि पोपच्या आशीर्वादाने आलेला चार्ल्स हा सिसिलीच्या राज्याचा धनी झाला. दोन वर्षांनी फ्रेडरिकचा नातू कॉनराडिन याने राज्य परत घेण्याचा प्रयत्न केला. प्रोचिदा त्यास मिळाला. परंतु ताल्याकोत्सो येथे ऑगस्ट १२६८ मध्ये पराभव होऊन त्या कोवळ्या राजपुत्राचा ऑक्टोबरमध्ये नेपल्सच्या चौकात शिरच्छेद झाला. प्रोचिदाची मालमत्ता जप्त झाली व तो परागंदा झाला. मान्फ्रेडची कन्या कॉन्स्टन्स ही १२६२ मध्ये आरागॉनच्या राजपुत्र पेद्रो यास दिलेली होती. होहेनश्टाउफेन पक्षाच्या निर्वासितांना तेवढाच आसरा उरला होता. प्रोचिदा त्या दरबारी गेला. १२७६ मध्ये पेद्रो सिंहासनावर आल्यानंतर तो त्याचा निकटचा सल्लागार झाला व व्हॅलेन्सियाच्या मुलखात त्यास जहागिरीही मिळाल्या.

येथून पुढे आख्यायिकेचे राज्य सुरू होते. सिसिलियन बोलीत लिहिलेल्या एका बखरवजा कथनानुसार प्रोचिदा फ्रान्सिस्कन भिक्षूच्या वेषात कॉन्स्टँटिनोपलला गेला. सम्राट आठवा मायकेल पालेओलोगस याजकडून द्रव्याचे वचन मिळविले. सिसिलीतील सरदारांना फितविले. पोप तिसरा निकोलस याची संमती घेतली आणि अखेरीस पेद्रोस मोहिमेस प्रवृत्त केले. फ्लॉरेन्सचा इतिवृत्तकार व्हिल्लानी याने हीच हकीकत स्वीकारल्यामुळे ती इटलीभर पसरली. लक्षणीय गोष्ट अशी की, या कथेच्या सिसिलियन आवृत्तीत प्रोचिदा हा वीरपुरुष आहे, तर पोपपक्षीय ग्वेल्फांच्या आवृत्त्यांत तोच खलपुरुष आहे. कट होता, हे दोन्ही पक्षांना सोयीचे होते. एकास त्यातून नायक लाभत होता आणि दुसऱ्यास आपल्या राजाच्या जुलमाचा विषय टाळता येत होता.

अस्सल कागदांच्या कसोटीस मात्र ही कथा पुरती उतरत नाही. ज्या काळात प्रोचिदा पूर्वेस हिंडत होता असे सांगितले जाते, त्या काळातील आरागॉनच्या दप्तरात त्याची उपस्थिती नोंदलेली आहे. शिवाय त्या समयी त्याचे वय सत्तरीच्या घरात होते. मेसिनाचा समकालीन इतिवृत्तकार बार्तोलोमेओ दा नेओकास्त्रो हा बंडाचे मूळ प्रोचिदाच्या कारस्थानात शोधत नाही. दान्तेनेही आपल्या महाकाव्यात पालेर्मोच्या उठावाचे कारण म्हणून दुःशासनाचाच निर्देश केला आहे. त्याहून निर्णायक पुरावा बंडवाल्यांच्या आचरणाचा आहे. उठाव होताच त्यांनी आरागॉनचे निशाण उभारले नाही; नगरांचे स्वायत्त संघ स्थापून पोपचे छत्र मागितले. फ्रेंच पक्षाचा पोप चौथा मार्टिन याने ते झिडकारल्यावरच त्यांनी पेद्रोकडे धाव घेतली. कट पूर्वनियोजित असता तर हा मधला वळसा पडण्याचे कारण नव्हते. याच मुद्द्यांचा आधार घेऊन मिकेले आमारी या सिसिलियन इतिहासकाराने १८४२ मध्ये हे बंड लोकांचे होते असे प्रतिपादिले. करांचा असह्य बोजा, परकीय अधिकाऱ्यांचा उद्दामपणा आणि पालेर्मोचे वैभव हरपून नेपल्सला आलेले महत्त्व ही त्याची कारणे होत. तत्कालीन बूर्बाँ राजवटीस या ग्रंथातील सूचितार्थ बोचला आणि आमारीस पॅरिसला परागंदा व्हावे लागले.

तथापि आमारीचे मतही जसेच्या तसे ग्राह्य धरता येत नाही. चार्ल्सने जुलै १२८१ मध्ये ओर्व्हिएतो येथे व्हेनिसशी करार करून कॉन्स्टँटिनोपलवर स्वारीचा बेत निश्चित केला होता. मायकेलला हे संकट टाळणे प्राणाहून अगत्याचे होते. सिसिलीच्या लोकांच्या मुक्तीचे आपण ईश्वरी साधन झालो, असे त्याने पुढे आत्मवृत्तात सुचविले आहे. इकडे पेद्रोचे आरमार बंडापूर्वीपासून सज्ज होत होते. ते जूनमध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील कोल्लोकडे निघाले आणि ऑगस्टअखेर त्रापानीला लागले. ही सज्जता केवळ योगायोगाची म्हणता येणार नाही. स्टीव्हन रन्सिमन याने १९५८ च्या आपल्या ग्रंथात कटाचे अस्तित्व मान्य करून प्रवास प्रोचिदाने स्वतः न करता त्याच्या एखाद्या पुत्राने केला असावा, असा तर्क मांडला.

या दोन्ही पक्षांचा मेळ घातला असता असे दिसते की, प्रोचिदाचे कार्य दारूगोळा साठविण्याचे होते. ठिणगी त्याने टाकली नाही. बंडाचा लाभ घेण्यास समर्थ असा एक राजा आणि त्यास द्रव्य पुरविण्यास उत्सुक असा एक सम्राट यांची सांगड घालण्यात त्याचा वाटा असणे संभवनीय आहे. परंतु बंड केव्हा करावयाचे व कोणाच्या नावाने, हे पालेर्मो आणि मेसिना यांच्या नागरिकांनी स्वतःच ठरविले.

त्याच्या आयुष्याची अखेर या निष्कर्षास पुष्टीच देते. १२८३ मध्ये तो सिसिलीचा चॅन्सेलर झाला. परंतु १२९५ मध्ये पेद्रोचा पुत्र जेम्स याने पोपशी तह करून बेटावरील हक्क सोडला. सिसिलीच्या लोकांनी तो तह झुगारून त्याचा धाकटा भाऊ फ्रेडरिक यास १२९६ मध्ये राज्याभिषेक केला. पुढल्याच वर्षी वृद्ध प्रोचिदा राणी कॉन्स्टन्सबरोबर रोमला निघून गेला. तेथे राणीच्या कन्येचा विवाह चार्ल्सच्याच नातवाशी झाला. पोपच्या त्या नगरीत १२९८ मध्ये प्रोचिदाचे देहावसान झाले. ज्यास बंडाचा जनक म्हटले जाते त्याने बेट सोडले, पण बंड थांबले नाही. १३०२ मध्ये काल्ताबेल्लोत्ताचा तह होईपर्यंत सिसिलीचे लोक लढत राहिले. प्रोचिदाची निष्ठा एका राजघराण्याशी होती, बेटाशी नव्हे. एकोणिसाव्या शतकातील नाटककारांनी आणि १८५५ च्या ऑपेरात व्हेर्दीने त्यास देशभक्ताचा वेष चढविला. तो वेष भिक्षूच्या कफनीइतकाच उसना आहे.