चोर तारीख सांगून येत नाही

१९३०च्या मार्चमध्ये गांधीजी दांडीला निघाले, तेव्हा आमच्या यवतमाळपुढे एक साधी अडचण होती. समुद्र शेकडो मैल लांब. मिठाचा कायदा मोडायचा कुठे? अकोल्याकडे दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ केलं गेलं. यवतमाळकडे मात्र जंगल होतं.

१९२७च्या वन कायद्यानं राखीव जंगलातलं गवतही सरकारचं. परवानगीशिवाय कापलं तर गुन्हा. मीठ प्रत्येकाच्या ताटात, तसं गवत प्रत्येकाच्या गोठ्यात. म्हणून हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

१० जुलै १९३०. लोकनायक बापूजी अणे पुसदच्या जंगलात शिरले आणि त्यांनी गवत कापलं. वणीत जन्मलेले, यवतमाळात वकिली केलेले, टिळकांचे अनुयायी. गांधीजींचं सगळंच त्यांना पटायचं असंही नाही. तरी ते गेले, आणि पकडले गेले.

पुढारी उचलला की गर्दी पांगते, हा पोलिसांचा जुना हिशेब. इथे तो चुकला, कारण एक तुकडी पकडली की दुसरी तयार असायची. २१ जुलैला यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. केशव बळिराम हेडगेवारांची तुकडी गेली. संघाची जबाबदारी डॉ. परांजप्यांकडे सोपवून ते आले होते. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. त्यातलं एक कलम होतं ३७९, म्हणजे चोरी.

मी या कलमापाशी अडखळतो. धारासण्याला लाठ्या चालल्या, सप्टेंबरमध्ये चिरनेरला गोळ्या. पण ३७९ची मार वेगळी आहे. तिनं राजकीय प्रश्न पुसून टाकला. ‘जंगल कुणाचं?’ हे विचारणाऱ्यावर फक्त ‘गवत चोरलं’ एवढाच ठपका उरला. आंदोलन पांगवायची ही बिनलाठीची रीत.

फक्त एक गोष्ट त्या कलमात बसत नव्हती. चोर तारीख सांगून येत नाही, आणि पकडल्यावर ‘हो, मीच कापलं’ म्हणत नाही.

७६ वर्षांनी, २००६च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं संसदेनं लिहून मान्य केलं. आंदोलकांवर आजही एखादं भलतंच कलम लागल्याचं वाचतो, तेव्हा मी आधी हेच बघतो, की या कलमानं कोणता प्रश्न झाकला आहे?